अर्धा च

"शी!" मावशीने लॅपटॉपकडे बघून नाकाला ओढणी लावली. फोटोला वास नसतो हे तिलाही माहीत होतं. तरी लावली. "अगं, आत्ता जेवून उठलेय मी. हे काय दाखवतेस मेले?"

"साइटचं नावच ते आहे," भाची म्हणाली. "शी. बाकीचे लोक तारे देतात, मी शी देते. एक शी म्हणजे नाक दाबून निभावतं. पाच शी म्हणजे घरी पोचेपर्यंत पाणी पिऊ नका."

शहरातली एकोणतीस स्वच्छतागृहं या पोरीने एकटीने पालथी घातली होती. सतराव्या वर्षी बाकीच्या मुली आरशासमोर उभ्या राहून स्वतःचे फोटो काढतात. ही बया संडासाच्या फुटक्या भांड्यांचे काढत होती. तुंबलेली भांडी, कोरडे नळ, कडीच्या जागी बांधलेली सुतळी. पुढचा फोटो आला तशी मावशीने ओढणी आणखी घट्ट धरली.

पण हसून सोडून द्यावं असं प्रकरण नव्हतं. भाचीच्या बाकावरची मैत्रीण, जिला सगळे बडबडी म्हणत, ती दहा दिवस दवाखान्यात पडून होती. क्लासमध्ये सकाळी आठ ते संध्याकाळी पाच बसायचं आणि तिथल्या संडासाची किळस यायची, म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं होतं. दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं. आता बडबडी बोलत नव्हती, नुसती छताकडे बघत होती. सोमवारी त्याच क्लासला दोनशे नव्या मुली येणार होत्या. त्याआधी साइट त्यांच्यापर्यंत पोचायला हवी होती. आणि साइट बघणारे होते अकरा जण. त्यातले चार घरचेच.

म्हणून मावशीला गाठलं होतं. मावशी जाहिरात कंपनीत कामाला. तिने मनात आणलं तर दगडालाही गिऱ्हाईक मिळेल, असं बडबडीसुद्धा म्हणायची. कुठला क्लास, हे मावशीने विचारलं नव्हतं. तिला सगळे क्लास सारखेच.

तिने वही ओढली. "पहिलं म्हणजे हे घाणेरडं नाव बदल. शी म्हटलं की माणूस पळतो." मोठ्या अक्षरांत तिने लिहिलं, 'स्वछ सखी'. खाली झोकात दोन रेघा मारल्या. "आणि दुसरं. फोटो कितीही टाक, लोक बघतात, नाक मुरडतात, पुढे जातात. शंभर निनावी माणसांनी बोंब मारली तरी कुणी ढुंकून बघत नाही. पण एक बाई नाव आणि फोटोसकट उभी राहून म्हणाली ना, की बाई गं, माझं चुकलं, तर अख्खं गाव लोटतं. अशी एक बाई शोध. साइट आपोआप पळेल."

भाची वहीकडे बघत होती. जरा जास्तच वेळ बघत होती.

"काय, आवडलं नाही नाव?"

"अं? हो, चांगलं आहे." तिने वही आपल्याकडे ओढली. "एक शेवटचं दाखवू? हा आमचा क्लास."

भिंतीवर तपकिरी ओघळ. कोपऱ्यात न उचललेला ढीग. बादलीत तळाला हिरवं पाणी, आणि दोनशे मुलींना हे एकच दार. मग मावशीने फोटोतल्या पाटीवरचं क्लासचं नाव वाचलं, आणि नाकावरची ओढणी खाली आली.

भाचीने क्लासचं स्वतःचं पान उघडलं. तिथे चाळीस पालकांनी आणि मुलींनी तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं होतं. "हे वाचूनच बडबडीच्या आईने तिला तिथे घातलं. त्यांचं आधी दुसरीकडे ठरलं होतं."

मावशीने वाचलं नाही. गरज नव्हती. काळजीवाले बाबा, गावाकडची आजी, लाजाळू मुलगी, सगळी तिचीच पिल्लावळ. क्लासच्या जाहिरातीसाठी दीड दुपारीत, चहाचे घोट घेत तिने ती पाडली होती. क्लासची पायरीसुद्धा चढली नव्हती. लिहिण्यातल्या चुका कुणी तपासायचं नाही. 'असू देत, खऱ्या माणसांसारखं वाटतं,' असं साहेब म्हणायचे. आजीवर तर ती खूश होती. ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवली होती. हसले होते सगळे. आता तिला आपल्या बोटांची किळस आली. ती ओढणीला पुसत राहिली.

"ही माणसं खोटी आहेत मावशी. सगळं एकाच बाईने लिहिलंय."

"कशावरून?" मावशीने विचारलं. चोराच्या मनात चांदणं, तसा तो प्रश्न जरा लवकरच आला.

"चाळीस जणांनी 'स्वच्छ' लिहिलंय. चाळिसांनीही अर्धा च खाल्लाय."

भाचीने वही फिरवली आणि मावशीसमोर ठेवली. दोन रेघांवर मावशीचं टपोरं अक्षर होतं. भाचीचं बोट 'स्व' आणि 'छ' यांच्या मधे टेकलं होतं.

"एक बाई शोध म्हणालीस ना?"

पंखा फिरत होता. मावशीने वही मिटली. "माझी नोकरी जाईल गं," ती कसंबसं म्हणाली.

भाचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मावशीने लॅपटॉप पुढे ओढला. किती शी, असं साइटने विचारलं. तिने पाच दिल्या. नाव विचारलं, तिने पूर्ण नाव लिहिलं. मग मोठा रिकामा चौकोन आला आणि तिची बोटं तिथेच थबकली.

"लिही तू," भाची नाक ओढत म्हणाली. "शुद्धलेखन मी तपासते."