तीन नंबरची खोली

तीन नंबरची खोली नविनभाईंना हवी होती आणि हर्षदा ती सोडायला काही तयार नव्हती.

"सुरतचे शेठ आपले जुने गिऱ्हाईक," काउंटरवर टेकून नविनभाई म्हणाले. डहाणूच्या त्या रिसॉर्टचे ते मॅनेजर. "त्यांना ओटा पाहिजे, समोर समुद्र पाहिजे. तुझ्या नवरा-नवरीला वरची दे. तरणी पोरं असतील, जिना चढतील की!"

"त्यांनी आधी सांगून ठेवलंय, सर."

"सांगू देत. आपण 'बघतो' म्हणतो, 'देतो' कधी म्हणतो काय?"

हे खरं होतं. कुणाला चिकूच्या झाडाखालची खोली हवी असते, कुणाला जिन्यापासून लांबची. काउंटरवरचा माणूस सगळ्यांना गोड आवाजात 'बघतो' म्हणतो. मग सकाळी कोण निघालं, कुठली खोली झाडून तयार आहे ते पाहतो आणि जो जास्त आवाज करेल त्याच्या पदरात चांगली खोली टाकतो. हर्षदाही एरवी तेच करायची.

"या वेळी मी 'देते' म्हणालेय," ती म्हणाली.

नविनभाईंनी कपाळावर हात मारला. "मग शेठना तूच तोंड दे."

फोन तलासरीहून आला होता. दीपेश नावाचा मुलगा, तिथल्या कारखान्यात कामाला, मूळ गंजाडचा. "घरचंच लग्न आहे, ताई. एका रात्रीचा प्रश्न आहे. तळमजल्यावरची द्या, ओट्यावरून समुद्र दिसेल अशी. फुलंबिलं लावा. एसी नको, नवरीला गारवा सोसत नाही. पलंग फार उंच नको. आणि शेजारची एक खोली घरच्यांसाठी."

"घरचे पण येणार?" हर्षदाला हसू आवरेना.

"येणारच ना. एकटं कसं सोडणार?" मग त्याचा आवाज उतरला. "निवांत अशी एक रात्र दोघांच्या वाट्याला कधी आली नाही, ताई. एवढं जमवा."

हर्षदाने मनातल्या मनात अख्खी गोष्ट रचून टाकली. चोरून भेटणारी पोरं, घरच्यांचा विरोध, बांधावर घाईघाईत बोललेले दोन शब्द. तिचा जीव कळवळला आणि तोंडातून 'देते' निघून गेलं.

त्यामागे तिचं स्वतःचंही एक दुखणं होतं. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला गेली, तेव्हा दरीकडची खोली ठरली होती आणि मिळाली भटारखान्यामागची. रात्रभर भांडी आदळत होती. नवरा आजही चारचौघांत 'आमचा भांड्यांचा हनिमून' म्हणून हसतो. हर्षदाही हसते, पण ते तिला लागलेलं आहे.

दुपारी शेठ आले, व्हायचा तेवढा तमाशा झाला. मालकांना फोन लावायची धमकीही देऊन झाली. पण हर्षदाने हातातली चावी सोडली नाही. शेवटी वरची गच्चीवाली खोली घेऊन शेठ धुसफुसत जिना चढले.

मग ती तीन नंबरमध्ये गेली. खोल्यांची साफसफाई बघणारी सुषमा चादरीवर मोगऱ्याची फुलं मांडत होती. तीही गंजाडकडचीच.

"लग्नाच्या रात्री घरच्यांना बरोबर आणतात, बाई!" हर्षदा म्हणाली. ती नाशिकची, डहाणूला आल्याला फार दिवस झाले नव्हते.

"आमच्यात लग्न सवडीनं लागतं, मॅडम," सुषमा मान वर न करता म्हणाली. "मांडवाचा खर्च जमला का लगीन. तवर माणूस काय थांबून राहतंय? संसार चालू होतो."

"म्हणजे मुलंबाळं आधी?"

"व्हतात की."

हर्षदाच्या मनातली बांधावरची गोष्ट पुसली गेली, पण जीव आणखीच कळवळला. खर्चासाठी लग्न अडून राहिलेली पोरं! तिने ओट्यावर दोन खुर्च्या स्वतः नेऊन ठेवल्या, समुद्राकडे तोंड करून.

संध्याकाळी फाटकातून इको गाडी आत शिरली. दीपेश उतरला. नवा शर्ट, गालाला हळद. मागोमाग नवं लुगडं नेसलेली मुलगी, तिचेही हात पिवळे. कडेवर वर्षाचं पोर.

सुषमाचं बोलणं आठवून हर्षदाने पोराकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"ही दक्षा," दीपेश म्हणाला. "आणि हे आमचे आईबाबा."

मागच्या सीटवरून म्हातारा काठी टेकत उतरला. त्याने बाशिंगं छातीशी जपून धरली होती. म्हातारीचा एक हात त्याच्या दंडाला होता आणि दुसरा पदराखाली. तळमजल्यावरची पायरीसुद्धा दोघं थांबून थांबून चढली. बरं झालं, हर्षदाला वाटलं, शेजारची खोलीही खालीच आहे.

तिने तीन नंबरची चावी दक्षापुढे धरली. "घ्या. खूप खूप अभिनंदन!"

दक्षाने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. लाजली, हर्षदा मनात म्हणाली.

"आमची शेजारची, ताई," दीपेश म्हणाला आणि मागे वळला. "आये, पुढं ये. तुझी चावी घे."

म्हातारीने पदराखालचा हात काढून पुढे केला. तो कोपरापर्यंत हळदीने माखलेला होता.

"आमचं अजून व्हायचंय," दीपेश हसत म्हणाला. "आईबापाचं लागल्याबिगर आमचं कसं लागणार?"