सायराची पकड

जिल्हा संघाच्या निवड चाचणीत सायरा मुजावर धावण्यात सगळ्यांत शेवटी आली, उडीतही मागे पडली. पण कबड्डीच्या मैदानात कोपऱ्यात उभी राहिल्यावर तिने ओळीने सहा चढाया पकडल्या. चढाई करणारी मुलगी वळायच्या आधीच ही तिथे हजर.

निवड समितीच्या कुंदाताईंना हे पटेना. एकेकाळी त्या स्वतः राज्याकडून चढाया करायच्या. कडेला उभे असलेले सायराचे सरच खुणा करत असणार, असं वाटून त्यांनी सरांना फाटकाबाहेर पाठवलं. तरी सातवी चढाईसुद्धा पकडली गेली. म्हणजे मुलींनीच आपसांत ठरवलंय की काय?

कुंदाताईंनी चपला काढल्या, पदर खोचला. "आता मी येते. धर मला."

दम धरून त्या आत शिरल्या. डावीकडे जाण्याची हूल देऊन झटकन उजवीकडे वळल्या, तोच त्यांचा घोटा सायराच्या हातात सापडला.

"मी उजवीकडे वळणार, हे कुणी सांगितलं तुला?" मातीत बसूनच त्यांनी दरडावलं.

"कुणी नाही, ताई. सकाळपासून बघतेय, खुर्चीतून उठताना तुम्ही उजव्या पायावर भारच देत नाही. त्या पायावर जोर देऊन डावीकडे वळणं तुम्हाला जमलं नसतं." मग ती हळूच म्हणाली, "फार दुखतो का गुडघा?"

वीस वर्षं कुंदाताईंनी ते घरच्यांपासूनही लपवलं होतं.

"दुखतो गं," त्या म्हणाल्या आणि तिचाच हात धरून उठल्या. संघातलं पहिलं नाव ठरलं होतं.