नवरदेवाची निवड

आमच्या व्हर्मॉन्टमधल्या गावात एक जुनी थट्टा होती. वर्षभरात ज्याचं लग्न झालं, त्याला मार्चच्या गावसभेत मोकाट डुकरं धरायच्या कामासाठी निवडायचं. त्या वर्षी थॉर्नडाइकसाहेब राज्याचं गव्हर्नरपद सोडून घरी आले आणि साठीत त्यांनी दुसरं लग्न केलं. सभेत मीच ओरडलो, "नवरदेव समोरच बसलेत की." सगळ्यांनी हसत हात वर केले. साहेबांनी उठून, हात वर करून शपथ घेतली, गव्हर्नर होताना घेतली तशीच, सावकाश. हसू विरलं. मेमध्ये एका पहाटे दार वाजलं. दारात साहेब, गुडघ्यापर्यंत चिखल, हातातल्या दोरीला माझं डुक्कर. "एलिआब, यानं शेजारणीचे वाटाणे उकरलेत. कुंपण आजच नीट कर." "साहेब, मी गंमत केली होती." "ठाऊक आहे. शपथ मी गमतीत घेतली नव्हती." झोपताना घातलेली टोपी काढून मगच मी दोरी घेतली.