पंधरावा सभासद

वाचनालयात मी रोज कोपऱ्यात एकटी बसायचे. एके दिवशी वक्तृत्व मंडळाची कार्यवाह, आम्हा सगळ्यांची ताई, समोरची खुर्ची ओढून बसली. "असा आवाज लपवून ठेवतात का गं, वेडाबाई? चल, मंडळाच्या अर्जावर सही कर."

त्या एका वाक्याच्या जोरावर मी व्यासपीठावर चढले, दोन स्पर्धा जिंकले, वर्गात मान वर करून बसायला लागले. आज ताईनं कार्यवाहपद माझ्याकडे सोपवलं. कपाटाची किल्ली आणि इतिवृत्ताची वही देताना म्हणाली, "सभेत बोललेला शब्दन्‌शब्द लिहायचा. हशा पिकला तर तोही."

ती गेल्यावर मी हौसेनं जुनं पान शोधलं. माझ्या सहीच्या आदल्या दिवसाचं. अक्षर ताईचंच होतं.


"पंधरा सभासद नसतील तर मंडळ बंद होणार, आपण चौदाच आहोत. वाचनालयात एक मुलगी एकटी बसते, तुझा आवाज छान आहे असं तिला सांगावं, लगेच येईल. (हशा.) सर्वानुमते मंजूर."