येसूबाईची परीक्षा

१९६२ साल. तारापूरजवळच्या एका कोळीवाड्यात प्रौढांचा साक्षरता वर्ग भरायचा. परीक्षेला एक धडा वाचायचा, स्वतःचं नाव लिहायचं आणि शंभरपर्यंत आकडे म्हणायचे. पण एक जण जरी नापास झाला, तरी गाव साक्षर म्हणून जाहीर होणार नव्हतं. येसूबाई वर्गात सगळ्यांत मागे होती. बोंबील वाळत घालतानाही ती अक्षरं पुटपुटायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा मुलगा नवशा म्हणाला, "आये, चंद्रकांता लय आजारी हाय. आताच्या आता पालघरला जा."

"आनि माजी परीक्षा?"

"मास्तर मागून घेतील. मी बोललोय त्यांच्याशी."

लेकीच्या काळजीने येसूबाई तशीच निघाली. पालघरला उतरल्यावर फलाटावरच्या पाटीवरचं नाव तिने कुणाला न विचारता वाचलं, आणि तेवढ्या काळजीतही तिला हसू आलं. दिवेलागणीला ती लेकीच्या दारात पोचली, तर चंद्रकांता विहिरीवरून भरली कळशी घेऊन येत होती.

"मला काय झालंय?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येसूबाई परतली, तेव्हा देवळापुढे तोरण होतं आणि लोक पेढे खात होते. तिने नवशाकडे पाहिलंही नाही. मास्तर पाट्या गोळा करत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"मास्तर, माजी परीक्षा घ्या."

मास्तरांनी मान खाली घातली.



"वर्ग बंद झाला, येसूबाई. गावात आता निरक्षर कुणी उरलं नाही."