आधी तू

थोरल्याचा फायदा उघड होता. औषध आधी धाकट्याच्या शिरेत जाणार. गुण आला तर मागून आपणही घ्यायचं. बरंवाईट झालं तर आपली कातडी शाबूत.

दोघा भावांचं रक्त वाहू लागलं की थांबायचं नाव घेत नसे. जन्माचंच दुखणं. बापाचं सुतारकामाचं दुकान, पण दोघांना पटाशीला हात लावायची बंदी. गल्ला आणि रंगाचे डबे सांभाळायचे. धाकट्याचा सगळा जीव पटाशीत. तरी त्याचा एक हट्ट होता: बरे होऊ तर दोघं, नाहीतर कोणीच नाही.

रक्ताची तपासणी झाल्यावर थोरल्याने जाहीर केलं, आधी तू, मी मागून येतो. दोघं एकदम आडवे झालो तर दुकान कोण बघणार? वहिनीने नवऱ्याला तोंडावर मतलबी म्हटलं. तो कान खाजवत राहिला. धाकटा चिडला, पण तयार झाला.

औषध म्हणजे विषाणूच होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. एवढंसं टरफल, पोटात एक चिठ्ठी. खाणं नाही, श्वास नाही. बाहेर असतो तोवर नुसती धूळ. पण पेशीच्या दाराशी अशी ओळख दाखवतो की पेशीच त्याला आत ओढते. मग तो गाभ्यापर्यंत जाऊन चिठ्ठी ठेवतो, आणि घरचे कारागीर घरचं काम टाकून पाहुण्याचीच पिलावळ घडवत बसतात. हा त्यातल्या त्यात गरीब. त्याची चिठ्ठी काढून त्यांनी रक्त गोठवण्याची कृती आत घातली होती.

"म्हणजे चोराला हमाल केलंत," थोरला म्हणाला.

धाकट्याला हसू आलं नाही. ज्याला धड जीवही नाही, त्याला परक्या घराची एवढी माहिती! त्याच्या अंगावर काटा आला.

औषध थेंबथेंब उतरत होतं. दूध तापत ठेवल्यासारखी थोरल्याची नजर त्यावरून हलली नाही. स्वतःचं भविष्य बघतोय, वहिनी पुटपुटली.

काही महिन्यांनी पटाशी धाकट्याच्या हातून निसटली आणि बोट कापलं. रक्त आलं, दाटलं, थांबलं. तो बोटाकडे बघतच राहिला. आत कुठेतरी टरफलं केव्हाच विरली होती, आणि यकृताच्या अंधारात कारागीर ती चिठ्ठी वाचून कामाला लागले होते.

थोरल्याने पाठ फिरवून नाक शिंकरलं. भुसा फार झालाय म्हणाला.

धाकट्याने तडक दवाखाना गाठला. "आता दादाला झोपवा. लबाडाने माझ्यावर प्रयोग करून घेतला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "त्यांना नाही देता येणार. हा विषाणू लहानपणीच कधीतरी त्यांच्याकडे नकळत येऊन गेलाय. रक्तातले पहारेकरी त्याला ओळखतात. पेशीच्या दारापर्यंत पोचूच देणार नाहीत."

"हे कधी कळलं?"

"तुमच्या दोघांच्या तपासणीतच. त्यांना मी तेव्हाच सांगितलं. म्हणाले, तो बरा होईपर्यंत बोलू नका. मला मतलबी समजू दे, नाहीतर तो सुई टोचून घ्यायचा नाही."