गिरणीची घरघर

१९७४ साल. नवऱ्याची नोकरी सुटली होती. पिठाच्या गिरणीचा परवाना मिळाला नाही, तर मुलांना घेऊन मला माहेरी जावं लागणार होतं. जागा बघायला साहेब आले, तशा भिंतीपलीकडच्या थोरल्या जाऊबाई पदर खोचून माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“साहेब, हिला परवाना देऊ नका. गिरणीच्या घरघरीनं आमच्या डोळ्याला डोळा नाही. मांडणीवरची भांडीसुद्धा खाली पडतात!”

साहेब माझ्यावरच उखडले. “परवान्याआधीच गिरणी सुरू केलीत? चालवून दाखवा बघू.”

“कशी चालवू, साहेब? परवान्याशिवाय वीज कुठे देतात?”

साहेबांनी वळून जाऊबाईंकडे पाहिलं. त्या तसूभरही हटल्या नाहीत.

“आज नाही तर उद्या वाजेलच ना मेली!”

साहेबांनी तिथल्या तिथे सही केली.

पुढे त्यांची बदली झाली. नवऱ्याला पुन्हा नोकरी लागली नाही. मुलं गिरणीवरच शिकली. तीस वर्षांच्या घरघरीनं माझे कान मात्र पार गेले. जाऊबाई नव्वदीतही रोज सकाळी भिंतीपलीकडून मला शिव्या घालतात, असं सून खुणेनं सांगते.